मागचं पाणी

तीन दिवस शिवी द्यायची नाही, असं सिंदो लांबेला सांगण्यात आलं तेव्हाच त्याने ओळखलं की ही मोहीम काही धड होत नाही.

लांबे घराण्याची ही जुनी रीत. पितरांच्या जेवणासाठी मासळी आणायला जे होडीत बसतात त्यांचं तोंड स्वच्छ असावं लागतं. गावचा किनारा पुन्हा पायाखाली येईपर्यंत एक वाईट शब्द काढायचा नाही. खायची ती कसावाच्या कंदाची भाकरी आणि वर कोरी कॉफी. पकडलेल्या मासळीतलं स्वतः काही चाखायचं नाही. भाकरी आणि कॉफीवर सिंदोने महिना काढला असता. पण शिवी दिल्याशिवाय त्याला होडीचा दोरसुद्धा सोडता येत नसे. तो निघाला तेव्हा बायका किनाऱ्यावर उभ्या राहून पैजा लावत होत्या. पहिल्या गळाला फसेल, असं बहुतेकींचं म्हणणं पडलं.

एरवी त्यानेही त्यांना चार शब्द ऐकवले असते. पण आता काताचा प्रश्न होता.

काता, म्हणजे कातालिना, सिंदोची धाकटी बहीण. ईस्टरनंतर ती एकदा हॅमॉकमध्ये आडवी झाली ती उठलीच नाही. बोलणं बंद, चालणं बंद, दोन घास भरवले तर भरवले. बेलिझ सिटीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती तपासली, डोक्याचे फोटो काढले आणि सगळं ठीक आहे म्हणून घरी पाठवलं. सगळं ठीक असलेली बाई छताकडे बघत पडून राहते हे सिंदोला सहन होत नव्हतं. काता म्हणजे गावातलं सगळ्यात तिखट तोंड. सिंदोच्या शिव्या ऐकून माणसं हसायची, काताच्या ऐकून रस्ता बदलायची. दोघं भावंडं एका घरात राहत आणि सकाळी उठल्यापासून भांडत. पाच महिने त्या घरात कुणी त्याला गाढव म्हणालं नव्हतं, आणि त्याला ते घर नकोसं झालं होतं.

शेवटी फेलिसितामावशीला बोलावलं. ती बुयेई, पितरांशी बोलणारी. तिने काताच्या उशाशी बसून चिलीम ओढली, डोळे मिटले आणि सांगितलं की हुस्ता आजी उपाशी आहे. मरून इतकी वर्षं झाली, नातवंडांनी तिला एकदाही जेवायला वाढलं नाही. तिला दुगू हवा. तीन दिवस ढोल, नाच, सगळं कुळ एका छपराखाली आणि पानं भरून मासळी. बाजारातली नको. "माझ्या बेटाच्या पाण्यातली, माझ्या पोरांच्या हातची," असा निरोप होता. म्हातारी जेवली की काताला सोडेल.

म्हणून ऑगस्टच्या उन्हात सिंदो बेटावर आला होता. बेट लांबेंचंच. धक्क्यापासून टोकापर्यंत एक विडी ओढून होईल एवढं, नारळाची झाडं, एक झोपडी, आणि कागदोपत्री अजूनही हुस्ता आजीच्या नावावर. सिंदो तिथला राखणदार. बरोबर दोघं होते. एक साबासमामा, घराण्यातला सगळ्यात वडील माणूस, जो दिवसातला बराच वेळ डोळे मिटून असायचा. दुसरा चुलतभाऊ आन्सेल्मो, शिकागोत शाळेची बस चालवणारा, दुगूसाठी रजा काढून आलेला. त्याने येताना गळाची एक घडीची काठी आणली होती, तिला चकचकीत चक्री, आणि प्लास्टिकच्या खोट्या कोळंब्यांनी भरलेला डबा.

पहिल्या दिवशी त्या काठीने त्याने तीन गोष्टी पकडल्या. एक फुगा मासा, एक साबासमामाची टोपी आणि स्वतःचा कान.

"हलू नकोस," सिंदो गळ काढता काढता म्हणाला.

"दुखतंय, दादा."

"दुखणारच. कान आहे." पुढे जे जिभेवर आलं होतं ते त्याने गिळलं.

खरी पंचाईत मात्र आन्सेल्मोची नव्हती. बेटाच्या पुढच्या बाजूला, जिथे मासेमारी करायची, तिथे तपकिरी शेवाळ येऊन पडलं होतं. गेली काही वर्षं ते असंच येतं, समुद्रातून कुठून तरी, गाड्याच्या गाड्या. किनाऱ्याला लागतं, सडतं, पाण्याचा चहा करून टाकतं. त्याच्या वासाने साबासमामाच्या चांदीच्या अंगठीवर काळं आलं. जिथे सिंदोचा बाप तासाभरात टोपली भरायचा तिथे आता गळ टाकला की शेवाळाचा झुबका वर यायचा. पुन्हा टाकला की पुन्हा झुबका.

जी काही मासळी लागली ती चिमूटभर. आणि लागलेल्यातली निम्मी सिंदो परत सोडत होता.

तेही आजीचंच देणं. होडीच्या वल्ह्यावर खिळा तापवून केलेल्या दोन खुणा होत्या. हुस्ता आजीने आपला पंजा वल्ह्यावर पसरून अंगठ्यापाशी एक आणि करंगळीपाशी एक डाग दिला होता. आजीची वीत. तिच्यापेक्षा आखूड मासा परत पाण्यात. सरकारने मापं ठरवली त्याच्या कितीतरी आधीपासून या बेटावर हे माप चालत होतं, आणि ते सरकारी मापापेक्षा कडक होतं, कारण म्हातारीचा हात पुरुषासारखा रुंद होता.

"हा तर जवळजवळ पुरतोय," आन्सेल्मो एक तांबोशी वल्ह्यावर धरून म्हणाला. "शेपटी जरा ओढली तर."

"शेपटी ओढू नकोस."

"दादा, आजी उपाशी आहे म्हणून आपण आलोय ना? मग तिच्याच पंजाने तिचंच जेवण परत फेकायचं? मला काही कळेनासं झालंय."

"मलाही कळत नाही. सोड."

आन्सेल्मोने सोडला. साबासमामा डोळे न उघडता म्हणाला, "तिचा हात मोठा होता. मी मार खाल्लाय त्याचा."

दुसरा दिवस पहिल्याहून वाईट गेला. सिंदोने बुडी मारून खडकाच्या कपारी चाचपल्या. दोन शेवंडी मिळाल्या, लांब मिशांच्या, चांगल्या मापाच्या. तिसरी मिळाली ती पोटाखाली अंडी घेऊन बसलेली, ती त्याने अलगद परत ठेवली. शंख मात्र पायापायाला होते, वाळूत आरामात पसरलेले. ऑगस्टमध्ये, विणीच्या हंगामात, शंखाला हात लावायचा नसतो, आणि त्यांनाही ते ठाऊक असावं अशा थाटात ते पडले होते. सिंदो वर आला, होडीची कड धरून लोंबकळला आणि नुसता धापा टाकत राहिला. त्याचे ओठ हलत होते.

"काही बोललास का?" मामाने विचारलं.

"श्वास घेतोय."

"मग ठीक."

संध्याकाळी त्यांनी टोपली पालथी केली. दोन शेवंडी, एक बऱ्यापैकी तांबोशी, आणि बाकी काटेरी किरकोळ मासे, जे एरवी काता मांजरांना घालायची. गावात साठ-सत्तर माणसं जमणार होती. न्यूयॉर्कहून, होंडुरासहून, कुठून कुठून लांबे येऊन पोचले असतील. एवढ्यात आजीच्या पानावरसुद्धा धड दोन पदार्थ झाले नसते.

आन्सेल्मोने मीठ लावून मासे परत टोपलीत भरले. मग त्याने तो विषय काढला, जो काढणार हे सिंदोला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"मागच्या पाण्यात बघून आलो मी."

"कशाला गेलास?"

"लघवीला. दादा, तिथे पाणी उकळतंय. तांबोशीवर तांबोशी. हात घातला तर हाताला लागेल."

बेटाच्या मागे खारफुटीने वेढलेलं एक उथळ तळं होतं. शेवाळ तिथे पोचत नसे. पाणी काचेसारखं. हुस्ता आजी जिवंत असताना त्या तळ्यात कुणी गळसुद्धा टाकला नव्हता. "तिथे पोरं वाढतात," एवढंच ती म्हणायची, आणि जो टाकील त्याला माझ्या हातचं जेवण नाही, असं बजावायची. एकदा पाद्रीबाबांनी गंमत म्हणून गळ सोडला होता, त्यांनाही तिने काठी दाखवली होती. ती गेली आणि काठी सिंदोकडे आली. काठीपेक्षा त्याने तोंडच जास्त वापरलं. रात्री-अपरात्री येणाऱ्या बोटी, बड्या हॉटेलांचे पाहुणे, शेजारच्या गावचे ओळखीपाळखीचे लोक, सगळ्यांना त्याने त्या तळ्याच्या तोंडाशी उभं राहून इतकं झोडपलं होतं की पुढेपुढे लोक त्या बाजूने होडी न्यायचंच टाळू लागले.

"बंदी कुणाची?" आन्सेल्मो म्हणाला. "आजीची. मागतंय कोण? आजी. मग तिचं ती बघून घेईल ना? आपण कोण मध्ये पडणारे?"

"मरताना तिने माझा हात धरून सांगितलंय. मागचं पाणी उघडायचं नाही. कुणासाठीही नाही."

"स्वतःसाठीही नाही, असं म्हणाली?"

ती तसं म्हणाली नव्हती. सिंदोनेही विचारलं नव्हतं. मरणाऱ्या माणसाला असलं कोण विचारतं.

"काता तुझी बहीण आहे," आन्सेल्मो हळूच म्हणाला, आणि हे मात्र त्याने बोलायला नको होतं. सिंदो उठला आणि शेवाळ तुडवत किनाऱ्याकडे निघून गेला. तोंडातून जे बाहेर पडायला बघत होतं ते दाबून दाबून त्याचा जबडा दुखायला लागला होता.

तिसऱ्या दिवशी वाऱ्याने जोर धरला. पुढच्या बाजूला लाटा शेवाळाचे ढीग उचलून आपटत होत्या, होडी काढायची सोय राहिली नव्हती. अंधार पडला की गावाकडे निघायचं होतं, म्हणजे पहाटे ढोलाच्या वेळेला किनारा गाठता येईल. टोपलीत कालचंच होतं. दुपारी आन्सेल्मो झोपडीत घोरत होता आणि मामा नारळाखाली डोळे मिटून होता, तेव्हा सिंदोने खुंटीवरचा पाग, फेकायचं जाळं, खांद्यावर टाकला आणि खारफुटीतून मागे गेला.

आन्सेल्मो खोटं बोलला नव्हता. गुडघाभर पाण्यात उभं राहिलं की पायांना मासे घासून जात होते. माणसाची भीती त्यांना कुणी शिकवलीच नव्हती. सिंदोने आजीचं नाव घेतलं, काताचं घेतलं, पागाची कड दातात धरली, कमरेतून वळला आणि फेकला.

पाग गोल उघडून पडला. ओढताना त्याचे दंड भरून आले. एका फेकीत टोपली भरली असती, दोन फेकींत दुगू पार पडला असता. त्याला मोठ्याने हसू आलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या अंगावरचं ओझं उतरलं होतं, आणि हॅमॉकमधून पाय खाली सोडणारी काता त्याला डोळ्यांसमोर दिसत होती.

त्याने पागातून पहिली तांबोशी उचलली. आजीच्या दीड वितीची असेल. तिचं पोट टम्म होतं. हातात धरताच गाभोळी सुटली आणि पिवळे दाणे त्याच्या मनगटावरून ओघळून पाण्यात पडले. दुसरी उचलली, तीही तशीच. तिसरीही. सगळं तळं भरल्या पोटाने अमावास्येची वाट बघत होतं. ओहोटी लागली की त्या बाहेरच्या खडकाकडे निघाल्या असत्या.

सिंदो तसाच उभा राहिला. साधं गणित होतं. एका बाजूला काता, एका बाजूला ही पोटुशी मासळी. यात विचार करायचं काय आहे, असं कुणीही म्हटलं असतं. तोही स्वतःला तेच सांगत होता. पण हात पाग आवळेनात. आजच्यासारखा पुन्हा एखादा या तळ्याच्या तोंडाशी पाग घेऊन उभा राहिला, तर त्याला आपण काय म्हणून शिव्या द्यायच्या? माझी बहीण आजारी होती म्हणून मी टाकला, तू मात्र टाकू नकोस? त्याचीही बहीण आजारी असेल. सगळ्यांच्याच घरी कुणीतरी आजारी असतं. आणि ज्या म्हातारीला जेवू घालायचं, तिने हे पान पुढ्यात आल्यावर आधी काठी शोधली असती.

त्याने पाग उलटा केला. मासे एकेक करून बाहेर पडले, आणि पडून लांब पळालेसुद्धा नाहीत. तिथेच पायाशी घुटमळत राहिले. ते बघून मात्र त्याचा बांध फुटला.

"म्हातारे," तो आभाळाकडे बघून ओरडला, "जिवंत होतीस तेव्हा खाऊ दिलं नाहीस आणि आता मेल्यावर खायला मागतेस. पुढे शेवाळ पाठवतेस आणि मागे कुलूप लावतेस. उपाशी आहेस ना? मग शेवाळ खा. तुझ्या भल्या मोठ्या हाताने ओरपून शेवाळच खा, आणि माझ्या बहिणीला सोड."

आणि त्यामागोमाग तीन दिवसांचं साचलेलं सगळं बाहेर आलं. एकही शब्द त्याने ठेवला नाही. शेवटी घसा बसला तेव्हा तो थांबला. वारा समुद्राकडे वाहत होता, ऐकायला मासे होते आणि एक बगळा. मग त्याच्या लक्षात आलं की त्याने तोंड विटाळलं. मासळी नाही ती नाहीच, आणि रीतही मोडली. आता काता उठायची नाही, आणि ते आपल्या तोंडामुळे. तो खारफुटीच्या मुळावर बसला आणि रडला.

परतल्यावर मामाने एक डोळा उघडला. "पाग ओला दिसतोय."

"धुतला."

"बरं केलंस," मामा म्हणाला आणि डोळा मिटला.

अंधार पडताना वारा ओसरला आणि ते निघाले. टोपली इतकी हलकी होती की लाटेसरशी होडीत सरकत होती, आन्सेल्मोने ती पायांत धरून ठेवली. सिंदोने काही सांगितलं नाही, त्या दोघांनीही विचारलं नाही.

उजाडताना गावचा किनारा दिसला. ढोल आधीच ऐकू येत होते. सगळं कुळ पाण्याच्या काठाशी येऊन उभं होतं, बायका शेंदरी रंगवलेल्या कपड्यांत, हातात हात घालून गाणं म्हणत पुढे-मागे झुलत होत्या. होडी वाळूला लागली. सिंदोला वर बघवेना. आन्सेल्मोने टोपली उतरवली. जवळच्या बायकांनी आत डोकावलं, आणि गाणं थांबलं नाही, पण खाली आलं. शिकागोची, न्यूयॉर्कची, सगळी माणसं टोपलीकडे बघत होती. फेलिसितामावशीही बघत होती, तिचा चेहरा काही सांगत नव्हता.

"एवढीच आहे," सिंदो म्हणाला. "माझी चूक आहे. बाकीच्यांची नाही."

ढोल वाजत राहिले. मग मागची माणसं बाजूला व्हायला लागली.

दुगूच्या छपराखालून काता चालत येत होती. पाच महिन्यांत काटक्या झालेले पाय, पण ती ते जमिनीवर दाबून टाकत होती. दोघी जणी तिला धरायला धावल्या, तिने दोघींना झटकलं. ती सरळ टोपलीपाशी आली, वाकली, आणि पंजा पसरून त्या एकुलत्या तांबोशीवर ठेवला. वितीने मोजून बघितली.

"आजी आली अंगात," कुणीतरी कुजबुजलं.

"इतकंच?" काता म्हणाली. आवाज वापराविना खरवडलेला होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "तीन गाढवं पाठवली आणि इतकंच? हा शिकागोचा दिवटा कान टोचून घ्यायला गेला होता का? आणि साबास, तू अजून झोपूनच आहेस?"

साबासमामाने डोळे उघडले, आणि ते मिटले नाहीत.

मग ती सिंदोकडे वळली. तिचे डोळे काताचेच होते. पण बघायची तऱ्हा त्याने लहानपणी काठीच्या पलीकडून पाहिलेली होती.

"आणि तू रे," ती म्हणाली, "शेवाळ कुणाला खायला सांगत होतास?"

किनारा पायाखाली होता, बंदी उठली होती, जे येईल ते बोलायची त्याला मोकळीक होती, आणि त्याच्याकडे एक शब्द नव्हता.

"मागचं पाणी?" तिने विचारलं.

त्याने मान हलवली. नाही, काही आणलं नाही.

तिने त्याच्या डोक्यावर एक टपली मारली, चांगली जोराची. मग दोन्ही शेवंडी मिशांना धरून उचलल्या आणि छपराकडे चालू लागली.

"केळी कुटायला घ्या," ती पाठमोरी म्हणाली. "भूक लागलीय मला."